मंडळाच्या पेटीत एक वही ठेवा: झाडीपट्टीतल्या नाट्यमंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि समस्त सभासद,
गावोगावची नाट्यमंडळे,
जिल्हे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया

सप्रेम रामराम.

दसरा झाला. हलका धान कापणीला आला, भारी अजून उभा आहे. येत्या पंधरा दिवसांत तुमच्यातले दोघं-तिघं मोटारसायकलवर वडशाला जातील. नाटक कंपन्यांच्या खोल्या उघडल्या असतील, दारावर बोर्ड, बोर्डावर कलावंतांचे फोटो. तुम्ही नाटक निवडाल, मंडईची, आपल्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेची, तारीख धराल, नटी कोण येणार आणि विनोदी कोण हे खोदून खोदून विचाराल, भाव कराल, बयाना द्याल आणि परत याल. यंदा परत येताना बाजारातून जाड पुठ्ठ्याची एक वही घेऊन या, एवढंच सांगायला हे पत्र लिहितो आहे. पण वही कशासाठी, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी सव्वीस हंगाम झाडीपट्टीच्या रंगभूमीवर प्रॉम्प्टर होतो. दिवसा शाळेत मास्तर, रात्री पुस्तक मांडीवर घेऊन विंगेत. आपल्या नाटकात प्रॉम्प्टर काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. आज या गावात सामाजिक, उद्या त्या गावात ऐतिहासिक, परवा तिसरंच. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज वेगळी रात्र आणि तालमीला वेळ नाही. नट दुपारी गाडीत झोपतो, संध्याकाळी गावात उतरतो आणि रात्री घंटा झाली की पहाटेपर्यंत उभा असतो. त्याच्या ओठांवर येणारं वाक्य आधी माझ्या ओठांवर आलेलं असतं. म्हणून कोण काय होता हे मला माहीत आहे. आणि ते सिद्ध करायची वेळ आली तेव्हा माझ्या हातात किती थोडं होतं, तेही मला माहीत आहे.

आमच्या कंपनीत एक नट होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, इथंही मामाच म्हणतो. मंडळाच्या वहीत नाव लिहायला त्यांची ना नाही, पण पत्रातून गावभर व्हायला आहे. घरच्यांनी तसं सांगितलं आहे.

मामांच्या घरी दीड एकर बांधी, म्हणजे धानाचं शेत. बाप वर्षातला अर्धा काळ दुसऱ्याच्या बांधीत. दिवाळीत गावात दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, व्हायची आणि दंडारीत बायकांची कामं पोरंच करायची. मामा सोळा वर्षांचे असताना त्यांना लुगडं नेसवून उभं केलं. गळा गोड होता, कंबर बारीक होती, आणि मुख्य म्हणजे लाज नव्हती. तिथून एका कंपनीवाल्यानं उचललं. सहा-सात हंगाम ते कंपनीत बाईचं काम करत होते. पुढं नागपूरकडच्या बायका झाडीत येऊ लागल्या, आणि ते योग्यच झालं, पण मामांची कामं गेली. दोन हंगाम त्यांनी नुसते पडदे ओढले. मग एका रात्री खलनायकाची गाडी रस्त्यात बंद पडली आणि मामांच्या अंगावर त्याचा कोट चढवला. त्यानंतर दहा वर्षं खलनायक, मग विनोदी, आणि केस पांढरे झाल्यावर नायिकेचा बाप. नायक ते कधीच झाले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "नायकाले पोट लपवा लागते मास्तर, बापाले नाई लागत."

मामांना वाचता येत नाही. सही येते, तीही उतरत्या ओळीत. चाळीस हंगाम जो माणूस रंगमंचावर बोलत राहिला, त्यानं पुस्तकातलं एकही वाक्य स्वतः वाचलं नाही. नवीन नाटक असलं की गावात उतरल्यावर आम्ही दोघं मोहाच्या झाडाखाली बसायचो. मी त्यांची भूमिका एकदा वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. दुसऱ्यांदा वाचताना ते हातानं काहीतरी करायचे, पगडी बांधल्यासारखं, पान लावल्यासारखं, आणि ती कृती कायम व्हायची. रात्री शब्द अडला तर डाव्या हातानं उपरण्याचं टोक धरायचं, ही आमची खूण. टोक धरलं की मी सुरुवातीचे तीन शब्द द्यायचे. चौथा दिला तर मध्यंतरात रागवायचे.

एका नाटकात मुलीच्या लग्नासाठी बैल विकणारा बाप होता. रंगमंचावर बैल नसायचा, नुसता कासरा. बैल नेला असं दाखवायला दुसरा नट कासऱ्याचं एक टोक धरून विंगेत जायचा, आणि मामा दुसरं टोक सोडायचेच नाहीत. कासरा ताणला जायचा, मग हळूहळू मुठीतून घसरत जायचा. शेवटची वीतभर राहिली की मामा त्या दोराच्या टोकाला हात लावून तो हात कपाळाला लावायचे. पुस्तकात यातलं काही नव्हतं. पुस्तकात फक्त "बैल नेतात" असे दोन शब्द होते. समोर तणीस अंथरून, घोंगडी पांघरून बसलेला सगळा गाव शेतकरी. एका गावात पुढच्या रांगेतला म्हातारा उठून ओरडला, "इकू नको गा!" मामांनी त्याच्याकडं पाहिलं आणि बापाच्याच आवाजात उत्तर दिलं, "तू देतं का मंग पैसे?" कोणी हसलं नाही. म्हातारा खाली बसला. पेटीवाल्याचे हात थांबले होते. मी पुस्तकात ते वाक्य पेन्सिलनं लिहून ठेवलं, शेजारी गावाचं नाव आणि मामांचं नाव. का लिहिलं ते तेव्हा मलाही कळलं नाही.

मामा पडद्यावरही दिसले. आमच्या भागात एका चित्रपटाचं चित्रीकरण आलं, गावकरी हवे होते, कोणीतरी मामांचं नाव सांगितलं. दोन दिवसांचं काम, तीन प्रसंग. तेच कासऱ्यासारखं काहीतरी त्यांना करायला लावलं, पुन्हा पुन्हा. रात्री परत आल्यावर मला म्हणाले, "समोर कोनीच नोतं मास्तर. कोनासाठी करू?" तीनपैकी एक प्रसंग राहिला. मामा ओट्यावर बसून तंबाखू मळताहेत आणि रस्त्याकडं बघताहेत, बस्स. पण तेवढ्यातही तो माणूस खरा वाटतो, कारण ते बघणं मामांचं आहे. शेवटी नावांची लांब यादी सरकते, तिच्यात मामांचं नाव आहे. आडनाव चुकलेलं.

आता वहीची गोष्ट. वयस्क कलावंतांना राज्य सरकारचं मानधन आहे, तुम्हाला ठाऊक असेल. वय पन्नासच्या वर, घरचं वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, आणि कलेच्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचं काम. आधी जिल्हा पातळीवरच्या कलावंताला महिन्याला २२५० रुपये मिळायचे. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट ५०००. मामांचं वय बसत होतं, उत्पन्न बसत होतं, काम तर चाळीस हंगामांचं. मी स्वतः अर्ज लिहिला, दोन मंडळांची पत्रं जोडली. अर्ज परत आला. शेरा होता, पुरावा अपुरा.

खिडकीवरच्या माणसाला मी दोष देत नाही. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. "काका, पेपरात नाव आलं होतं का? एखादं प्रमाणपत्र, जुनं पाम्प्लेट?" मामा म्हणाले, पाम्प्लेटं पुष्कळ होती. मामींनी धानाच्या कोठीखाली अंथरली, फडताळात लावली, चूल पेटवायला घेतली. वाचता न येणाऱ्या घरात छापील कागदाचा तोच उपयोग असतो. पुढच्या वेळी आम्ही त्या चित्रपटातल्या नावांच्या यादीचा मोबाईलवर काढलेला फोटो छापून नेला. तो कागद पाहून टेबलामागचा माणूस खुर्चीत सरळ झाला. अर्ध्या मिनिटाच्या पडद्यानं जे केलं ते चाळीस वर्षांच्या रात्रींना जमलं नव्हतं. पण आडनाव आधारकार्डाशी जुळेना, म्हणून तोही कागद बाद.

मग मी गावोगाव फिरलो. ज्या गावांत आम्ही नाटकं केली, ज्या गावांत लोकांनी मामांवर ५१-५१ रुपयांची बक्षिसं पुकारली, त्या गावांत. सगळीकडं चहा मिळाला. सगळीकडं मामा आठवत होते. बैलाचा प्रसंग लोक मलाच करून दाखवायचे. पण कागद? एका मंडळाच्या जुन्या हिशोबाच्या वहीत मंडपाचे बांबू, जनरेटरचं डिझेल, पाहुण्यांचे हार सगळं लिहिलेलं होतं, आणि कलावंतांसमोर एकच ओळ: "नाटक कंपनी, पूर्ण दिले." एका गावात वाळवीनं पेटी खाल्ली होती. एका ठिकाणी सचिव बदलले तेव्हा कागद जुन्या सचिवाच्या घरी राहिले आणि दोघांचं बोलणं बंद. एका म्हातारीनं मात्र ट्रंकेतून एक पाम्प्लेट काढून दिलं. तिनं ते नाटकासाठी जपलं नव्हतं. मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या मुलीच्या लग्नाच्या बस्त्याची यादी होती. शालू, शेरवानी, मानाची पाच लुगडी. पुढच्या बाजूला मामांचं नाव, तारखेसह.

त्या एका पाम्प्लेटावर, माझ्या पुस्तकांच्या समासातल्या पेन्सिलीवर आणि सात सरपंचांच्या दाखल्यांवर तिसऱ्या वर्षी मामांचा अर्ज मंजूर झाला. मामांचं झालं. पण आमच्या कंपनीत लहान-मोठी बावीस माणसं होती. पेटीवाला, तबल्यावाला, मेकअपवाला, पडदे ओढणारे दोन भाऊ, आणि अठरा हंगाम आमच्याकडं नायिका झालेली बाई, जी आता कुठं राहते हे माझ्याशिवाय फार तर दोघांना माहीत असेल. तिच्या नावाचं पाम्प्लेट कोणाच्या लग्नाच्या यादीमागं निघणार?

तुम्ही म्हणाल, हे कंपन्यांनी करावं, सरकारनं करावं. करावंच. पण आपल्याकडचं काम कसं चालतं ते बघा. पुण्या-मुंबईच्या नाटकाला प्रयोगाचा क्रमांक असतो, पेपरात जाहिरात असते, तीच माणसं तेच नाटक दोनशे वेळा करतात. तिथला नट म्हातारा झाला तरी त्याचा माग कागदावर राहतो. आपल्याकडं जाहिरात गाडीवरच्या भोंग्यातून होते आणि वाऱ्यावर जाते. कंपन्या फुटतात, नव्या होतात, नट या हंगामाला इकडं, पुढच्याला तिकडं. पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज जातो, त्यावर मंडळाचं नाव. संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असतं, त्यावर नाटकाचं आणि लेखकाचं नाव. त्या रात्री उभा कोण होता, हे एकाही सरकारी कागदावर येत नाही. ते फक्त तुम्ही पाहता. या सगळ्यात जागचं हलत नाही ते एकटं गावचं मंडळ.

आणि तुमचं पाम्प्लेट! उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, विशेष अतिथी. वीस-पंचवीस नावं फोटोसकट. मला त्या पाहुण्यांचा राग नाही, त्यांच्या वर्गणीवर मंडप उभा राहतो. पण खाली नटांची चार नावं आणि मग "व इतर" असं वाचतो तेव्हा पोटात खड्डा पडतो. त्या "व इतर"मध्ये मी सव्वीस वर्षं होतो.

२०२३ साली कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या नटाला, परशुराम खुणेंना, पद्मश्री मिळाली. त्या दिवशी आमच्या गावात फटाके फुटले. आपल्या रंगभूमीला, आपल्या बोलीला दिल्लीनं हात जोडले असं वाटलं. ५००० च्या वर प्रयोग, ८०० भूमिका, हे आकडे देशभर छापून आले. मामांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ गप्प राहून विचारलं, "माजे किती झाले असतीन?" मी हंगामाचे महिने, महिन्याच्या रात्री असा हिशोब करू लागलो आणि अर्ध्यात थांबलो. अंदाजानं आकडा सांगणं मला बरं वाटलं नाही. सव्वीस वर्षं मी त्या माणसाला खोटा शब्द दिला नव्हता.

दंडारीचंही असंच झालं आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आणि इथल्या लोककलांसाठी आयुष्य घातलं, म्हणून दंडार, खडी गंमत यांच्याविषयी आज काही वाचायला तरी मिळतं. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच गावात दंडारीत कोण नाचलं, हे तुमच्यापैकी कोणी सांगू शकेल? सांगलीला १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं हे लिहिलेलं आहे, म्हणून ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. आपल्या बांधीतलं नाटक त्याच्याहून जुनं आहे की नवं, यावर वाद घालायला आपल्याकडं एक तारीखसुद्धा नाही.

म्हणून वही. फार काही नाही. पहाटे नाटक सुटतं, मंडळी तोंड धुऊन चहाला बसतात, गाडी निघायला अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात एक शिकलेला पोरगा वही घेऊन बसवा. तारीख, गाव, तालुका, नाटक, लेखक, कंपनी. मग एकेकाचं पूर्ण नाव, मूळ गाव, कोणती भूमिका केली, आणि पुढं त्याची सही किंवा अंगठा. नटापासून सुरू करा, पण पेटी, तबला, ऑक्टोपॅड, मेकअप, पडदा आणि प्रॉम्प्टर यांच्यापर्यंत जा. एक पाम्प्लेट त्याच पानावर डकवा. खाली अध्यक्ष-सचिवांची सही आणि मंडळाचा शिक्का. पैशाचा आकडा या वहीत घालू नका. तो व्यवहार वेगळा, आणि पैसे दिसले की नावं लिहायला माणूस बिचकतो.

बायकांच्या बाबतीत एक सांगतो. कोणाला घरचं नाव द्यायचं नसेल तर जोर करू नका. ती जे नाव सांगेल ते लिहा, पण नीट लिहा. "नागपूरची सुप्रसिद्ध नटी" हे कोणाचं नाव नाही. अठरा हंगाम जिनं तुमच्या गावाला रडवलं तिला ओळीत स्वतःची जागा असू द्या. आणि मधल्या नाचासाठी आलेल्या मुलींचीही नावं घ्या. नाटकात दर अंकानंतर नाच घुसवणं मला पटत नाही, मी ते कंपनीत असतानाही बोललो आहे, पण थंडीत पहाटे तीनला नाचणारी मुलगी कलावंतच आहे.

मोबाईलमध्ये फोटो आहेत, वही कशाला, असं दोन-तीन तरुण सभासदांनी मला ऐकवलं. फोटो काढा, जरूर काढा, फ्लेक्सवरची नावं वाचता येतील असा काढा. पण मागच्या हंगामाचे फोटो आज मला दाखवा. फोन बदलला, ग्रुप बंद झाला. आणि फ्लेक्स कुठं आहे? तणसाच्या ढिगावर पावसापासून झाकायला. मी पाहून आलो आहे.

आपल्या मंडईनं वाईट वर्षं काढली. २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, बंद झाले, तेव्हा कित्येक गावांत दिवसाची गर्दी गेली आणि तिच्यामागं रात्रीचं नाटकही लंगडं झालं. पट सुरू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मधे कोरोनाचं साल, हंगामच्या हंगाम बुडाला. तेव्हा गरजू कलावंतांना धान्य वाटायचं म्हणून एका भल्या माणसानं आमच्याकडं यादी मागितली होती. आम्ही पाच जण बसून आठवणीतून लिहीत होतो. एकशे चौदा नावांवर अडलो. दुसऱ्या दिवशी रस्त्यात एक जुना क्लॅरिनेटवाला भेटला आणि माझ्या लक्षात आलं, तो यादीत नव्हता. मी त्याच्याबरोबर दहा हंगाम एका गाडीत झोपलो आहे.

दिवाळीआधीच्या दोन आठवडी बाजारांच्या दिवशी मी वडशाला असेन. पस्तीस वह्या शिवून घेतल्या आहेत, पेन्शनीतून. पानं आखून, रकाने पाडून ठेवली आहेत. ज्या मंडळाला हवी त्यानं घेऊन जावी. ज्यांच्याकडं जुनी पाम्प्लेटं, जुने फोटो असतील त्यांनी पहिल्या आठ-दहा पानांवर ती आधी डकवावीत, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना बसवून कोण कोण येऊन गेलं ते विचारावं. आठवणीतलं लिहाल तिथं "आठवणीतून" असं स्पष्ट लिहा, सहीचं पान वेगळं ठेवा.

एका गावचे सचिव परवाच येऊन वही घेऊन गेले. पहिल्या पानावर मामांचं नाव घालू का, म्हणून विचारायला आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. मामा ओट्यावर तंबाखू मळत होते. म्हणाले, "माजं मांगून लिवा. आगुदर पेटीवाल्याचं लिवा, तो बिचारा कोनाले दिसतच नोता."

आपला,
एक जुना प्रॉम्प्टर